एकोणीस लिटर स्पिरिट

बाळासो पुकळे दारू पीत नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी डोळे मिचकावायला नकोत. पीत नव्हता म्हणजे नव्हता. लग्नात नाही, जत्रेत नाही, सर्दीवर औषध म्हणून कुणी पुढं केली तरी नाही. आणि त्याच बाळासोवर अकरा लिटर स्पिरिट ढोसल्याचा आळ आला. अकरा लिटर! माणूस आहे का टाकी?

आटपाडीच्या पुढं माळावर एक वाडी आहे, तिथला तो. आजा मेंढरं घेऊन कोकणापर्यंत उतरायचा. बाप कोंडीबा, त्यानं निम्मी मेंढरं विकून बाजरी पेरली. बाळासोच्या वाट्याला ना मेंढरं आली ना बाजरी. सोळाव्या वर्षी तो चुलत्याबरोबर कानपूरला गेला, गलाईच्या दुकानात. त्या भागातलं हे नेहमीचंच. घरटी एक माणूस कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढं बसलेला. सराफ जुनं सोनं आणून देतो, हे ते मुशीत वितळवून, तेजाबात घालून, शुद्ध करून परत देतात. वीस वर्षं बाळासोनं तेच केलं.

आता या धंद्यातली एक गोष्ट ध्यानात घ्या. सराफ ओंजळभर सोनं आणून समोर ठेवतो आणि चहा प्यायला निघून जातो. कशाच्या जोरावर? माणसाच्या नावाच्या जोरावर. हा माणूस खात नाही, सांडत नाही, पीत नाही, एवढं नाव असलं की झालं. पिणाऱ्याच्या हातात कुणी सोनं देत नाही. एखाद्याचं नाव गेलं की कानपूरला गेलेलं ते कोइमतूरलाही जातं, कारण सगळीकडं आपलीच माणसं. बाळासोच्या पाठीमागं सोनं पुन्हा कुणी तोललं नाही. वीस वर्षांत एकदाही नाही. त्याला स्वतःबद्दल दुसरा कसलाच अभिमान नव्हता, तोंडही धड बोलकं नव्हतं, पण हा एक होता आणि तो टोकाचा होता.

तेजाबाच्या धुरानं छाती धरली तेव्हा डॉक्टरनं भट्टी बंद करायला सांगितली. दुकान धाकट्या भावानं, धुळानं, सांभाळलं आणि बाळासो बायको मनुबाईला घेऊन सांगलीला आला. तिथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई म्हणून लागला. कॉलेजचं नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं व्हायचंय? साल चौऱ्याण्णव. नोकरी टेंपररी. दर वर्षी पुढच्या वर्षी कायम करू म्हणायचे.

तिथं वैशंपायन सर होते. मधुकर वैशंपायन, मूळचे वाईचे. हुशार माणूस, ते नाकारत नाही. मुंबईहून आणलेला एक बंद पडलेला मायक्रोवेव्ह ओव्हन त्यांनी फोडला, आतला मुख्य भाग काढला आणि बाळासोपुढं ठेवला. म्हणाले, "यातून लाटा निघतात. अन्न गरम करणाऱ्या. आपण त्यांनी अल्कोहोल फोडायचं."

"फोडायचं म्हंजी?"

"अल्कोहोलमध्ये हायड्रोजन असतो. तो वेगळा काढायचा. हायड्रोजन जाळला की धूर नाही, राख नाही, नुसतं पाणी. उद्या गाड्या चालतील त्याच्यावर. आपल्याकडं कारखाने आहेत, मळी आहे, मळीचं अल्कोहोल आहे. पेट्रोल कशाला पाहिजे अरबांचं?"

बाळासोला हे पटलं. वेगळं काढणं हाच तर त्याचा धंदा. तो कामाला लागला. गावभागातल्या एका तांबटाकडून पितळेची चौकोनी पोकळ नळी करून आणली, लाटा वाहून न्यायला. तिच्यातून आडवी काचेची नळी गेली, साधी काच नव्हे, क्वार्ट्झची, जाळ सोसणारी. एका टोकानं अल्कोहोलची वाफ सोडायची, मध्ये लाटा आदळायच्या आणि नळीत प्लाझ्मा पेटायचा. प्लाझ्मा म्हणजे काय हे सरांनी फळ्यावर दोन तास समजावलं. बाळासोला फळ्यावरचं काही कळलं नाही, पण पहिल्यांदा नळीत ती जांभळट पांढरी ज्योत उभी राहिली तेव्हा सगळं कळलं. कोळसा नाही, भाता नाही, नळीच्या भिंतीला न चिकटता अधांतरी जळणारा जाळ. आयुष्यभर जाळ बघितलेला माणूस तो, दोन मिनिटं तोंड उघडं टाकून बघत राहिला. पलीकडच्या टोकाला पाण्यातून बुडबुडे निघत होते. सरांनी काडी लावली, फट्ट करून आवाज झाला. सरांनी त्याला मिठी मारली. हेही सांगायला पाहिजे, मिठी मारली.

ज्योत पेटवायचं कसब मात्र एकट्या बाळासोला आलं. नळीत बारीक तार सरकवायची, पितळेच्या नळीच्या मागचा दट्ट्या केसभर मागं-पुढं करायचा आणि यंत्राच्या घुमण्याकडं कान ठेवायचा. घुमणं जरा जड झालं की तार झटकन ओढून घ्यायची. सरांना ते कधी जमलं नाही. दोनदा नळी फोडल्यावर त्यांनी नादच सोडला.

सगळं झकास चाललं होतं. माती खाल्ली ती रजिस्टरात.

स्पिरिट यायचं फलटणकडच्या एका साखर कारखान्यातून, एक्साइजच्या परवान्यावर. सीलबंद कॅन, पंचवीस लिटरचा. शुद्ध स्पिरिट म्हणजे पिण्याजोगं, म्हणून थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायचा. रजिस्टर सर लिहायचे. रोज काय लिहायचे? तासाला ऐंशी मिली. मोजून नव्हे, गणितानं! गणितात एवढंच लागतं म्हणून एवढंच लिहायचं. बाळासोनं पहिल्या महिन्यातच सांगितलं, "सर, मशीन लय पितंय. तुमी म्हनता त्याच्या दुपटीनं पितंय."

"तू ज्योतीकडं बघ."

"ज्योतीकडंच बघतोय की. वाफ निम्मी फुकट जातीया, नळीबी काजळी धरतीया."

"बाळासो, गणित मी बघतो."

बघा म्हणजे. मोजायची भांडी कपाटात पडून होती, माणसानं एक दिवस भांडं लावून बघितलं असतं तर हे रामायण घडलंच नसतं. पण मोठ्या माणसाला शिपायाचं ऐकून भांडं लावायची लाज वाटते, त्याला काय करणार?

शंभर तास यंत्र चाललं. सत्त्याण्णव सालच्या मार्चात एक्साइजचा इन्स्पेक्टर तपासणीला आला. सभ्य माणूस होता, चहासुद्धा घेतला नाही. रजिस्टर बघितलं, आठ लिटर वापरले म्हणून लिहिलेलं. कॅनमध्ये सतरा उरायला पाहिजेत. त्यानं कॅन मापला तर सहा.

"अकरा लिटर कुठं आहेत, प्रोफेसर?"

त्या वेळी खोलीत सर होते, ऑफिसचा हेडक्लार्क होता, दोन शिपाई होते आणि दाराशी बाळासो. सर कॅनकडं बघत राहिले. मग रजिस्टराकडं. मग म्हणाले, "कपाटाची किल्ली बाळासोकडं असते."

एवढंच. प्यायला असं म्हणाले नाहीत, चोरलं असं म्हणाले नाहीत. शिकलेली माणसं असं कधी म्हणत नाहीत हो! ती नुसती किल्ली कुणाकडं असते तेवढं सांगतात. बाकीचं हेडक्लार्क हसला त्यात आलं.

बाळासोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग तो पुढं आला आणि म्हणाला, "सायेब, बेल-भंडारा आना. बिरोबाचा भंडारा उचलून सांगतो. थेंब शिवल्याला न्हाई मी."

"इथं भंडारा चालत नाही, बाबा," इन्स्पेक्टर म्हणाला. "इथं रजिस्टर चालतं. पंधरा दिवस देतो. लेखी खुलासा द्या, नाहीतर मला केस करावी लागेल."

तो गेल्यावर सरांनी बाळासोला आत बोलावलं. दार लावलं. आवाज खाली आणला. "हे बघ, प्यायलास असं कोण म्हणतंय? कॅन उपडा झाला, सांडलं, असं लिहून दे. मी सांभाळून घेतो. नोकरीला धक्का लागणार नाही. उलट कायम करायचं बघतो."

सरांना वाटलं आपण मोठेच उपकार करतोय. त्यांना काय ठाऊक, गलाईवाल्यापुढं खाल्लंस म्हणणं आणि सांडलंस म्हणणं यांत काडीचा फरक नसतो. हातातलं सांडणारा माणूस भट्टीपुढं बसायच्या लायकीचा नसतो.

"माझ्या हातनं सोनं सांडलं न्हाई कवा," बाळासो म्हणाला, "आनि तुमचं स्पिरिट सांडंल व्हय? मशीननं पिलंय त्ये. तुमास्नी ठावं हाय."

"मशीन एवढं पीत नाही."

"लावा भांडं. आत्ता लावा. मी पेटवतो, तुमी मोजा."

सरांनी कपाटाकडं बघितलंसुद्धा नाही. भांडं लावलं नाही ते नाहीच.

दुसऱ्या दिवसापासून कॉलेजात सुरू झालं. सायकल लावताना, बाळासो, आज किती टाकलीस? चहाच्या टपरीवर, बाळासोला चहा कशाला रं, त्याची सोय हाय की वर. हसण्यावारी न्यायचं म्हणतात ना, तसं सगळ्यांनी हसण्यावारीच नेलं, आणि हसण्यावारी नेलेलीच गोष्ट जास्त पसरते. आठवड्याच्या आत कानपूरहून धुळाचा फोन आला, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर. बूथवाल्यानं हाक मारून बोलावलं.

"दादा, हितं लोक काय काय बोलाय लागल्यात," धुळा म्हणाला. "खरं हाय व्हय?"

सख्खा भाऊ! एका ताटात जेवलेला! बाळासोनं फोन आपटला. बूथवाला ओरडला तर त्याच्यावरही खेकसला. घरी आला तर मनुबाईनं विचारलं, काय म्हणत होते भावजी? त्यानं सांगितलं नाही. पण मनुबाईला कळलं होतं, तिलाही नळावर बायकांनी विचारून झालं होतं.

"तुमी लिहून देऊ नगा," एवढंच ती म्हणाली. "सांडलं बिंडलं कायबी लिहून देऊ नगा. नोकरी जाऊ दे, खड्ड्यात गेली."

बाळासो रोज कामावर जात राहिला. यंत्र बंद होतं, पण नळी तर साफ करायला पाहिजे. एका दुपारी तो क्वार्ट्झची नळी लांब ब्रशनं खरवडून काजळी एका तेलाच्या डब्यात झटकत होता. तेवढ्यात रसायनशास्त्राच्या श्रद्धा मॅडम काहीतरी मागायला खाली आल्या. नवीन लागलेल्या होत्या, पंचविशीच्या, कुणाला न भिणाऱ्या.

"हे कशाला साठवताय?"

"सवय हाय," बाळासो म्हणाला. "गलाईच्या दुकानात केर टाकत न्हाईत, मॅडम. लोटून, धुवून त्यातलं सोनं काढत्यात. भट्टीतनं निगालेलं कायबी असूं दे, टाकवत न्हाई माज्यानं. यात काय सोनं न्हाई, ठावं हाय मला. पर हात उचलत न्हाई टाकायला."

"किती दिवसांची आहे ही?"

"पयल्या दिवसापासनं. तीन डबं झाल्यात. दाबून दाबून भरल्यात."

श्रद्धा मॅडम स्टुलावर बसल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते बाळासोनं आयुष्यात पुन्हा पुन्हा मनात घोळवलं. त्या म्हणाल्या, ही काजळी म्हणजे अल्कोहोलमधलाच कोळसा. एक लिटर अल्कोहोलमध्ये कोळसा किती, हे ठरलेलं असतं. त्यात कुणाची मर्जी चालत नाही. आठ लिटरमध्ये तो सव्वातीन किलोच्या आसपास भरतो. त्यातलासुद्धा बराचसा गॅसबरोबर उडून जातो. तुमच्या डब्यांत जर सव्वातीन किलोच्या वर काजळी निघाली, तर यंत्रानं आठ लिटर प्यायले हे खोटं. ब्रह्मदेव आला तरी खोटं.

बाळासोनं एकदाच विचारलं, "मग सरांस्नी ह्ये कळत न्हाई व्हय?"

मॅडम म्हणाल्या, "कळतं. सरांचा पेपर पुण्याच्या परिषदेत लागलाय. एका लिटरमागं हायड्रोजन किती निघाला, हा त्यातला मुख्य आकडा. आठ लिटर धरले तर आकडा जबरदस्त येतो. एकोणीस धरले तर निम्म्याहून कमी. मग त्या पेपरात काही उरत नाही."

म्हणजे बघा! आकडा चांगला यावा म्हणून अकरा लिटर कुणाच्या तरी पोटात जायला पाहिजे होते, आणि पोट कुणाचं? शिपायाचं. मिठी मारलेल्या माणसाचं. बाळासो उठला, ब्रश हातातच होता, तो त्यानं भिंतीवर असा हाणला की दांडा मोडून दोन तुकडे झाले. मॅडमनी काजळीचा डबा उचलला.

काजळी त्यांनी ओव्हनमध्ये वाळवली, म्हणजे ओलाव्याचं वजन कुणी काढायला नको. पंधराव्या दिवशी इन्स्पेक्टर आला. बाळासोनं तिन्ही डबे डोक्यावरून, हातातून असे रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये नेले आणि त्याच्यासमोर काट्यावर घातले. थोडी थोडी करून तोलावी लागली, सगळ्यांचे हात काळे झाले. एकूण साडेतीन किलो आणि वर थोडी. मॅडमनी कागदावर हिशेब मांडून दिला. इन्स्पेक्टरनं तो दोनदा वाचला, स्वतःच्या हातानं गुणाकार करून बघितला.

"यंत्रानंच प्यायलंय," तो म्हणाला. त्यानं तसं लिहिलं, की स्पिरिट प्रयोगातच खर्ची पडलं, नोंद चुकीची, केस नाही. जाताना बाळासोला म्हणाला, "मी बावीस वर्षं या खात्यात आहे. अजून कुणी मला राख दाखवून सुटला नव्हता."

आता तुम्ही म्हणाल, झालं की मग. कसलं झालं! तो कागद गेला एक्साइजच्या ऑफिसात फाइलला. कॉलेजात तो कुणी वाचला? कुणी नाही. सरांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. रजिस्टरात आठ ते आठच राहिले, पेपरातला आकडा तोच राहिला, आणि टपरीवर, बाळासो, आज कोरडा दिवस काय रं, हेही तसंच राहिलं. उलट एक्साइजवाल्यालाच त्यानं पाजली, अशी नवी पुडी कुणीतरी सोडली. बाळासोनं सरांना गाठून विचारलं, "तुमी चार लोकांत एकदा सांगा की." सर म्हणाले, "केस मिटली ना? कशाला उगाच वाढवतोस?"

मिटली! ज्याचं नाव गेलं नव्हतं त्याची मिटली.

मे महिन्यात साखर कारखान्याचे चेअरमन हंबीरराव यंत्र बघायला आले. कारखान्याच्या आवारात असं मोठं यंत्र उभं करायचं त्यांच्या मनात होतं. सरांच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस. बरोबर चार संचालक, कॉलेजचे ट्रस्टी, प्राचार्य, हेडक्लार्क, हार-तुरे, सामोशांच्या प्लेटा. बाळासो बाहेर व्हरांड्यात बाकावर बसून होता. आत बोलवलंच नव्हतं त्याला. वाफ सोडायची, बटण दाबायचं, नवख्या शिपायाला शिकवलंय म्हणाले होते सर.

बटण दाबलं. यंत्र घुमलं. ज्योत काही उभी राहिना. सरांनी तार सरकवली, काढली, दट्ट्या हलवला. पुन्हा. पुन्हा. खोलीत स्पिरिटचा वास भरला. हंबीरराव खुर्चीत चुळबुळ करायला लागले. दहा मिनिटांनी सर व्हरांड्यात आले. घामानं डबडबलेले.

"बाळासो, जरा बघतोस का?"

बाळासो उठला नाही. "बघतो. पर आदी आत जाऊन सांगा, स्पिरिट कुनी पिलं."

"आत्ता? या लोकांसमोर?"

"त्येंच्याच म्होरं. हेडक्लार्कच्या म्होरं. मग पेटवतो."

सर त्याच्याकडं बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, गयावया करावी. पण बाळासोचं तोंड बघून त्यांनी तो विचार सोडला असावा. दोघं आत आले. सर सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "एक खुलासा करतो. मध्यंतरी स्पिरिट कमी भरलं होतं. ते बाळासोनं घेतलं नव्हतं. यंत्रातच खर्च झालं होतं. नोंद माझी चुकली होती."

हेडक्लार्क खाली बघायला लागला. बाळासो पुढं झाला, तार घेतली, कान यंत्राकडं लावला, दट्ट्या केसभर मागं घेतला. ज्योत उभी राहिली. अशी सरळ, जांभळी, स्थिर, की संचालकांपैकी एकजण खुर्चीतून अर्धा उठला. बुडबुडे निघाले, काडी लावली, फट्ट! टाळ्या वाजल्या. बाळासोला वाटलं, झालं. आता झालं.

"मास्तर," हंबीरराव म्हणाले, "मगाशी तुमी काय म्हनला? कमी भरलं? किती कमी?"

सर वाकून नळी बघायला लागले.

"अकरा लिटर," बाळासोनं सांगितलं. अभिमानानं सांगितलं, वेड्यानं.

"म्हंजी रजिस्टरात आठ आनि खरं किती? एकोनीस?" हंबीररावांना हिशेब यायचा, कारखाना काय उगाच चालवत नव्हते. "मंग तुमच्या कागदावर गॅसचा आकडा लिवलाय त्यो आठाचा का एकोनिसाचा?"

यंत्र घुमत होतं. हंबीररावांनी सरांनी दिलेल्या कागदाची घडी केली, खिशात घातली आणि हसले. मोठ्यानं, मोकळेपणानं हसले. "आवं, मानूस पितो ते चालतंय वो. आमच्या कारखान्यात कोन पीत न्हाई? पर मशीन येवढं पीत असंल तर न्हाई बाबा परवडत!"

सगळे हसले. ट्रस्टी हसले, प्राचार्य हसले, हेडक्लार्क तर डोळे पुसेपर्यंत हसला. ज्या गोष्टीसाठी बाळासोला दोन महिने घास गोड लागला नव्हता, ती या लोकांच्या लेखी चालण्यासारखी होती! माणूस पितो ते चालतंय. प्यायला असता तरी चाललं असतं, नाही प्यायला तरी तेवढंच. मग कसलं नाव आणि कुणाकडून परत मागितलं त्यानं? गाड्या गेल्या. सामोसे तसेच राहिले.

खोलीत दोघंच उरले. बाळासोनं यंत्र बंद केलं, कपाटातून रजिस्टर काढलं आणि सरांपुढं ठेवलं.

"आठ खोडा. एकोनीस लिवा. सही करा."

सरांनी लिहिलं. तीन वर्षांचं काम होतं त्यांचंही, आणि ते अर्ध्या तासात बुडालं होतं, हे मी मान्य करतो. सही केली, पेन टोपणात घातलं, आणि मग ते बोलू नये ते बोलले.

"तू खरंच प्यायला असतास ना बाळासो, तर यंत्र तरी वाचलं असतं."

बाळासोनं त्यांच्या मुस्काटात लगावली. एकच, पण वीस वर्षं सांडशीनं मूस धरलेल्या हाताची. चष्मा टेबलाखाली जाऊन पडला. हात उचलला तेव्हा तो रागानं रडत होता, आणि मारून झाल्यावरही रडत होता, आणि रडणं थांबेना म्हणून त्याला आणखी राग येत होता.

आठ दिवसांनी नोकरीवरून काढल्याची ऑर्डर हातात पडली. इंग्रजीत होती. तो ती घेऊन श्रद्धा मॅडमकडं गेला, वाचून दाखवा म्हणाला. त्यांनी वाचली. वरिष्ठ प्राध्यापकांवर हात उचलला, गैरवर्तन, तत्काळ सेवा समाप्त.

"कुठं दारूचा शब्द हाय का त्येच्यात?"

"नाही."

"स्पिरिटचा?"

"नाही, बाळासो. कुठंच नाही."

"नीट बघा. पाठीमागं बघा."

त्यांनी कागद उलटा करून दाखवला. मागची बाजू कोरी होती. म्हणाल्या, "याच्यावर अपील करता येईल. त्यांनी काय बोलून तुम्हाला चिडवलं, ते तुम्ही सांगा, मी लिहून देते."

"नगं," बाळासो म्हणाला. कागद घडी करून खिशात घातला. "बरोबर लिवलंय त्येनी. मारलंयच मी."